हिच्या गुडघ्याचा कार्यक्रम

सोमवार, ३

ही वही खरं तर बुकिंगची. तारीख, कार्यक्रम, वेळ, किती स्पीकर, शेरा असे रकाने छापलेले आहेत. पण सिस्टरनी सांगितलंय की हिचं ब्लड प्रेशर रोज लिहून ठेवा, आणि घरात दुसरी कोरी वही नाही. तेव्हा आजपासून ‘कार्यक्रम’ या रकान्यात हिचा गुडघा.

आज सकाळी तो बदलायचा होता. बदलला नाही. हिला आत नेलं, टेबलावर झोपवलं, दंडाला पट्टा बांधला आणि प्रेशर निघालं एकशे शहाण्णव. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली, तर दोनशे चार. म्हणाले, आज नको. ही काठी टेकत बाहेर आली ती शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या मुलीसारखी. मला म्हणाली, “बघा, माझ्या गुडघ्यालाच नको आहे.”

सगळा घोळ खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं घातलाय. तिचा गुडघा गेल्या वर्षी बदलला. तिनं हिला सांगितलं की भूल फक्त कमरेखाली देतात, माणूस जागाच असतो, आणि हातोडा स्वच्छ ऐकू येतो. “घरात सुतार शिरल्यासारखं वाटतं गं,” म्हणे. तेव्हापासून हिच्या डोक्यात सुतार बसलाय. जिना उतरता येत नाही म्हणून ही पाच महिने दोन मजले खाली गेलेली नाही, दवाखान्याची फेरी सोडून. तरी सुताराची भीती मोठी.

डॉक्टरांनी सतरा तारीख दिलीय. गोळी वाढवलीय. आणि स्पष्ट सांगितलंय की पुन्हा टेबलावर प्रेशर चढलं तर ते हिला हात लावणार नाहीत.

बाहेर पडताना सिस्टर म्हणाल्या, “काका, त्यांच्या आवडीचं संगीत आणा. ऑपरेशन चालू असताना हेडफोनवर लावू. घरीही रोज अर्धा तास ऐकवा. भीती कमी होते, नंतरचं दुखणंही जरा कमी वाटतं. आम्ही बघतो ना नेहमी.”

मी मनात म्हटलं, बाई, कोणाला सांगताय! चौतीस वर्षं या गावातली लग्नं, वाढदिवस, शाळांची संमेलनं, निवृत्तीचे समारंभ, सगळीकडे आवाज माझा. लोक मला भोंगा म्हणतात, तोंडावर म्हणतात. आणि मला संगीत आणायला सांगताय?

मंगळवार, ४. प्रेशर १६४.

हिला विचारलं, “कोणती गाणी हवीत?” म्हणाली, “काहीही.”

आमच्या धंद्यात ‘काहीही’ म्हणणारं गिऱ्हाईक सगळ्यात वाईट. ज्याला अमुकच हवं असतं, त्याला ते दिलं की तो गप्प बसतो. ‘काहीही’वाला अर्ध्या कार्यक्रमात उठून येतो आणि विचारतो, हे काय लावलंय?

खोदून विचारलं. “जुनं की नवीन?”

“काहीही.”

“गाणं की नुसतं वाद्य?”

“अहो, दूध बघा जरा, उतू जाईल.”

दूध बघितलं. गेलं होतं.

गुरुवार, ६. प्रेशर कार्यक्रमाआधी १६०, नंतर १७८.

सिस्टरनी हेडफोन म्हटलं होतं, हे मान्य. पण ज्यानं मैदानं आवाजानं भरली त्यानं कानात बोळे घालून गाणं ऐकवायचं, हे मनाला पटेना. गोदामातून दोन स्पीकर आणले. लहानच, माझ्या कमरेएवढे. हिच्या पलंगाच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना उभे केले आणि अतिशय हळुवार अशी बासरी लावली.

पहिल्याच सुराला कपाटावरची काच थरथरली. दुसऱ्याला हिच्या औषधांच्या बाटल्या टेबलावरून चालत कडेला आल्या. बासरीवाला खालच्या सुरात उतरला तेव्हा खालच्या शेजारणीनं छताला काठी ठोकली. तरी मी कळ अगदी एकवर ठेवली होती. माझ्या यंत्रांना एकच्या खाली काही ठाऊक नाही, त्याला मी काय करू?

मुलगी ऑफिसातून परस्पर इकडे आली. दारातूनच म्हणाली, “बाबा, आईला शांत करायचंय की इमारत रिकामी करायचीय?”

शेरा : जागा लहान पडली.

प्रेशरचं मशीन बरोबर आहे की नाही ते पाहायला मुलीनं माझंही प्रेशर घेतलं. एकशे बहात्तर आलं. म्हणजे मशीन बिघडलेलं आहे. बॅटरी बदलून ठेवली.

शनिवार, ८. प्रेशर १५८, नंतर १६६.

नवे हेडफोन आणले. हिच्या डोक्यावर बसवले तर ही विमान चालवायला निघाल्यासारखी दिसत होती. तसं म्हटलं. तिला आवडलं नाही.

आज मुलीची निवड होती. तिच्या ऑफिसात म्हणे सगळे ताण घालवायला धबधब्याचे आणि पावसाचे आवाज ऐकतात. हिला अर्धा तास धबधबा ऐकवला. चेहरा खरंच निवळला. मग एकदम डोळे उघडून म्हणाली, “अहो, हात द्या, मला बाथरूमला जायचंय.” अर्ध्या तासात चार वेळा गेली. दर खेपेला गुडघा ठणकणार आणि प्रेशर चढणार.

मुलीला फोन करून सांगितलं की पाण्याचा पर्याय बाद.

सोमवार, १०. प्रेशर १५६.

आज पाळत ठेवली. निरनिराळ्या प्रकारची चौदा गाणी एकामागून एक लावून दिली आणि समोर वर्तमानपत्र धरून बसलो. त्याला बोटभर भोक पाडलं होतं. हिचा चेहरा पाहून प्रत्येक गाण्यापुढे खूण करत गेलो. सहा गाण्यांना झोपली होती. तीन गाण्यांना कपाळाला आठी. उरलेल्या पाचांना भाजी निवडत होती, चेहऱ्यावर काही नाही. शेवटी हेडफोन न काढताच म्हणाली, “ते भोक उद्या पाडा. मी अजून पेपर वाचलेला नाही.”

मग मात्र वाईट वाटलं. कोणत्या वकिलाला काय ऐकलं की नाचावंसं वाटतं, शाळेच्या मोठ्या बाई कोणत्या गाण्याला डोळे पुसतात, सगळं मला पाठ आहे. आणि बायकोला काय आवडतं ते माहीत नाही. चौतीस वर्षांत हिनं माझ्याकडे एक गाणं मागितलेलं नाही. उलट मी घरी आलो की ही चालू असलेला रेडिओ बंद करते. इतकी वर्षं मी ते पाहतोय आणि आज पहिल्यांदा बोललो.

“तुला माझं काहीच आवडत नाही. मी आलो की रेडिओसुद्धा बंद करतेस.”

ही म्हणाली, “दिवसभर तुमच्या कानाशी तेच असतं. घरी तरी कान मोकळे नकोत का तुमचे?”

म्हणजे आवडत नाही हेच खरं, फक्त गोड शब्दांत सांगितलं.

बुधवार, १२. प्रेशर १५०.

आवड कळत नसेल तर कार्यक्रम तरी नीट बसवायचा, असं ठरवून आज दवाखान्यात गेलो. कोणताही मोठा कार्यक्रम घेण्याआधी मी जागा बघतो आणि रूपरेषा मागून घेतो. सिस्टर म्हणाल्या, ऑपरेशन थिएटर बघायला मिळणार नाही. मग निदान प्लग कुठे आहे एवढं तरी सांगा, म्हटलं. त्या हसत सुटल्या.

हाडांचे डॉक्टर मात्र भला माणूस. त्यांनी कागदावर रूपरेषा काढून दिली. आधी कमरेत भूल, मग तयारी, मग कापणं, मग ठोकाठोक, शेवटी टाके. सगळं मिळून दीड तास. मी विचारलं, “डॉक्टर, तुम्ही हातोडा कोणत्या लयीत मारता?”

“म्हणजे?”

“म्हणजे भरभर, की थांबून थांबून? तेवढ्या वेळात मी त्याच लयीचे ढोल घालतो. तुमचा ठोका माझ्या ठोक्यावर पडला की हिला कळणारच नाही हातोडा कुठला आणि ढोल कुठला.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन उचललं, डोळे मिटले आणि टेबलावर ठोकून पाहिलं. ठक, ठक, ठक, थांबा. ठक, ठक, ठक, थांबा. “साधारण असं,” म्हणाले. “आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं.” मी घड्याळ लावून मोजून घेतलं. माझ्यामागे नंबर असलेला माणूस दारातूनच परत गेला.

शुक्रवार, १४. प्रेशर १४२!

यादी तयार झाली. बरोबर दीड तासाची. भुलीच्या वेळी बासरी, तयारीला सतार, कापण्याच्या वेळी समुद्रकाठची गिटार (पाण्याचा आवाज काढून टाकला आहे), मग पंचवीस मिनिटं ढोल, डॉक्टरांच्या लयीत, मग टाक्यांसाठी पुन्हा हळुवार. दोन दिवस आणि एक जेवण यात गेलं. हिनं अर्धा तास ऐकलं आणि म्हणाली, “बरं आहे.” बरं आहे! चौतीस वर्षांत ही पहिली दाद.

मुलीनं पुन्हा माझं प्रेशर घेतलं. एकशे शहात्तर. हे मशीन फक्त हिच्याच हाताला नीट चालतं, माझ्या हाताशी त्याचं काय वाकडं आहे कळत नाही. मुलगी म्हणते, बाबा, तुम्हीही डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, आधी मशीन दाखव.

रविवार, १६. प्रेशर १४६.

हिनं आज दुपारी मला समोर बसवून घरातल्या सगळ्या वस्तूंची उजळणी घेतली. किल्ल्या कुठे, विम्याचे कागद कुठे, धोब्याकडे किती कपडे, मुलीच्या लहानपणच्या अंगठ्या कोणत्या डब्यात. मी चिडलो. म्हटलं, “गुडघा बदलायला चालली आहेस, देश सोडून नाही.”

ही म्हणाली, “मला भीती वाटते हो. फार वाटते. तिथे माझं असं कोणीच नसतं. सगळ्यांची तोंडं झाकलेली. कोण हसतंय, कोण रागावलंय, काही कळत नाही. आणि तुम्ही बाहेर.”

मी म्हटलं, “माझी यादी आहे ना आत.” हे बोलताना माझा आवाज चमत्कारिक झाला. सर्दी होणार असं दिसतंय.

सोमवार, १७. दवाखान्यातून.

सकाळचे साडेआठ. हिला आत नेलं. टेबलावर पहिलं प्रेशर १७०. भुलीच्या डॉक्टरांनी सिस्टरना सांगितलं, आधी गाणी लावा, मग पाहू.

पावणेनऊ. सिस्टर दारातून म्हणाल्या, “काका, सुरू केलं.” मीही माझ्या फोनवर तीच यादी त्याच क्षणी सुरू केली, कानात घातली. आता आत जे वाजेल ते इथेही वाजेल. मुलगी शेजारी बसलीय. ती म्हणते, तुमचा पाय हलतोय.

नऊ. प्रेशर १४४ वर आलं. भूल दिली. सिस्टरनी अंगठा दाखवला. मी त्यांना दोन्ही अंगठे दाखवले.

साडेनऊ. ढोल. पायानं ठेका धरला आणि मनात म्हटलं, डॉक्टर, आता लय सोडू नका.

दहा वाजून दोन मिनिटं. पुढे काय आहे ते पाहायला यादी वर सरकवली. सगळ्यात शेवटी निरोपाची धून आहे.

ती व्हायोलिनची संथ धून मी प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी लावतो. नवरी गाडीत बसते तेव्हा. निवृत्त होणारा साहेब फाटकाशी मागे वळून बघतो तेव्हा. ती लागली की भलेभले रुमाल काढतात. चौतीस वर्षं माझी कुठलीही यादी तिच्याशिवाय पुरी झालेली नाही, म्हणून हातानं आपोआप तीच शेवटी घातली. मी पाहिलंसुद्धा नाही. बायको टेबलावर, पाय उघडा, तोंडं झाकलेली माणसं भोवती, आणि नवरा तिच्या कानात निरोपाची धून लावतो! प्रेशर दोनशेच्या पुढे जाणार. आणि दोष कुणाचा? माझा.

(यापुढचं संध्याकाळी घरी येऊन लिहितोय.)

मी उठून दाराकडे धावलो. दारावरचा माणूस आडवा आला.

“काका, आत जाता येणार नाही.”

“आत नाही जायचं. एक गाणं थांबवायचंय.”

“कोणतं गाणं?”

“ते अजून लागलेलं नाही.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची दाराला टेकवून तिच्यावर बसला. मी सिस्टरना हाका मारल्या. दाराला वर एक लहान गोल काच आहे, तिच्यापर्यंत पोचायला उड्या मारल्या. मुलगी बाबा, बाबा म्हणून शर्ट ओढत होती. तेवढ्यात माझ्या कानात ती सुरू झाली. म्हणजे आतही सुरू झाली.

हेडफोन काढायचं सुचलं नाही. तिथेच भिंतीला टेकलो आणि रडलो. ही धून मी हजार वेळा लावली असेल. लोक रडायचे तेव्हा मी वायरी मोजत असायचो. आज पहिल्यांदा ती पूर्ण ऐकली. हिच्याशिवायचं घर डोळ्यांसमोर आलं, किल्ल्या, विम्याचे कागद, अंगठ्यांचा डबा सगळं जागच्या जागी, आणि मला ते बघवेना.

शेजारच्या बाकावरच्या बाई पाणी घेऊन आल्या. “धीर धरा हो. कोण गेलं तुमचं?”

“कोणी नाही.”

“मग?”

“गाणं लागलंय.”

बाई ग्लास घेऊन परत गेल्या.

सव्वादहाला दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या, मुखपट्टी खाली ओढली. “काका, झालं! छान झालं. आणि हे काय, रडताय कशाला?”

“प्रेशर?” मी विचारलं.

“ठोकाठोकीत जरा चढलं होतं, एकशे बावन्न. पण शेवटी शेवटी एकदम उतरलं, एकशे बावीस. तुमचं शेवटचं गाणं लागलं तशा मोठा श्वास सोडून स्वस्थ पडल्या. मी म्हटलं, भोंगेकाका, तुम्ही उस्ताद आहात.”

मला काही कळेना. मी मान हलवली. एकशे बावीस दोनदा लिहून ठेवलंय, चूक होऊ नये म्हणून.

मंगळवार, १८. प्रेशर १२८.

हिला सकाळी आधार देऊन उभं केलं. दुखतंय, पण भीती गेल्यासारखी वाटते. सिस्टरनी दुखणं वाढलं की ऐका म्हणून हेडफोन उशाशीच ठेवलेत, आणि ही मागून घेतेसुद्धा.

दुपारी दोघंच होतो. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काल शेवटी काय लागलं होतं, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? तुमची ती व्हायोलिनची.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हीच म्हणाली, “तीच लावलीत ते फार बरं केलंत. तोवर मी नुसती मोजत होते, अजून किती, अजून किती. हातोडा ऐकू येतच होता, तुमचे ढोल एकीकडे आणि तो एकीकडे. ती लागली आणि म्हटलं, चला, सुटले.”

“रडू नाही आलं?”

“रडू कशाला येईल? आपल्या इमारतीमागच्या सभागृहात तुमचं काम असलं की ती आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येते. ती लागली की मी उठून गॅस पेटवते, जेवण गरम करायला. म्हणजे आता तासाभरात तुम्ही घरी येणार. तसंच वाटलं काल. तोंडं झाकलेली असू देत, म्हटलं, आता हे येतीलच.”

या धुनेवर मी माणसं जाताना पाहिली होती. ती ऐकून कोणी माझी वाट बघायला लागतं, हे मला कुठे माहीत होतं? आणि इतकी सगळी वर्षं मी काय केलं? वायरी गुंडाळायला वीस मिनिटं लागतात. त्यानंतर मी सभागृहाच्या मॅनेजरबरोबर चहा घेत बसतो. कार्यक्रम कसा झाला, कोण कसं नाचलं, असल्या गप्पा. घरी जायची घाई अशी कधी वाटलीच नाही. फार लाज वाटली. लपवावंसंही वाटलं नाही.

“तासाभरात कुठे येतो गं मी?” म्हटलं. “तिथेच गप्पा मारत बसतो. दोन-दोन तास.”

“माहीत आहे,” ही डोळे मिटूनच म्हणाली. “म्हणून तर दोनदा गरम करते.”

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मी खुर्चीवरून उठलो नाही.